उन्हाळ्याची सुती पिशवी : विणावी कशी आणि कशासाठी

(उन्हाळी सुटीच्या प्रारंभी इंदिरानगर येथे सभासद-कुटुंबांपुढे केलेले भाषण)



विणकाम म्हटले की थंडी, लोकर आणि स्वेटर हीच त्रयी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी सीमेवरील जवानांसाठी घरोघरी स्त्रियांनी लोकरीचे कपडे विणले, ही आठवण वडील पिढीत अजून जागी आहे. तेव्हा ऐन चैत्र-वैशाखात आम्ही सुया हाती घेण्याचा आग्रह धरावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आज लोकर नव्हे, सूत. आणि स्वेटर नव्हे, तर बाजारात न्यावयाची पट्ट्यापट्ट्यांची पिशवी, हा आमचा विषय आहे.

सूत आणि सुया यांचे नाते नवे नाही. खऱ्या अर्थाने सुयांवर विणलेल्या ज्या जुन्यात जुन्या वस्तू आज जगातील संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत, त्यांत इजिप्तमध्ये सापडलेले मोजे आहेत. ते सुमारे अकराव्या ते चौदाव्या शतकांतले आहेत, सुती आहेत, आणि पांढऱ्या व निळ्या दोऱ्यांच्या आडव्या पट्ट्यांनी सजलेले आहेत. म्हणजे सुती दोरा आणि दोन रंगांचे पट्टे ही विणकामाची हौसेखातर काढलेली नवी वाट नसून त्याचा जुना राजमार्गच होय. पट्टे तर आपल्याही ओळखीचे. जमखाना हा शब्द मराठीत आहे तसाच कन्नडमध्येही आहे. आणि याच राज्यातील धारवाड जिल्ह्यात, नवलगुंद येथे, स्त्रिया आजही मागावर सुती जमखाने विणतात.

आता पिशवीच का, याचा विचार करू. कर्नाटक शासनाने मार्च २०१६ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये तेच केले. आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तू देशभर निषिद्ध झाल्या. त्यानंतर दुकानादुकानांतून कापडासारख्या दिसणाऱ्या, रंगीत, हलक्या पिशव्या मिळू लागल्या. त्यांतील बहुतेक कापडाच्या नसतात. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचे तंतू एकत्र दाबून त्या केलेल्या असतात. आपण मात्र कापडी पिशवी घेतली, या समाधानात घरी येतो.

परंतु खरी सुती पिशवी घेतली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असेही नाही. कापूस पिकवायला पाणी लागते, खत लागते. सूतगिरणीला वीज लागते. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असा हिशेब मांडला आहे की, एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा हवामानावरचा भार कमी व्हावयाचा असेल, तर सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरली पाहिजे. आठवड्यातून दोनदा आपण शंभर फुटी रस्त्यावर किंवा सीएमएच रोडवर खरेदीला गेलो, तर १३१ फेऱ्यांना सव्वा वर्ष लागेल. तेव्हा जी सव्वा वर्षाच्या आत फाटेल, अथवा कपाटात नुसती घडी होऊन पडेल, ती पिशवी सुती असली तरी व्यर्थच. टिकेल आणि रोज बाहेर पडेल अशीच पिशवी विणावी. ते जमणार नसेल तर विणूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

टिकाऊपणा वीण घालण्याच्या रीतीत असतो. मागावरच्या कापडात उभे व आडवे धागे एकमेकांना अडवून धरतात. सुयांवरच्या विणीत एकाच दोऱ्याचे फास एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून ती ताणते. लोकरीचा तंतू मुळातच कुरळा. तो ताणला तरी पुन्हा मूळ जागी येतो. सुताला ती लवचीकता नाही. एकदा लोंबलेले सूत लोंबलेलेच राहते. म्हणून स्वेटरला शोभणारी सैल वीण पिशवीला घातक ठरते.

आता प्रत्यक्ष कृती. मध्यम जाडीचा सुती दोरा, दोन रंगांचा, प्रत्येकी सुमारे शंभर ग्रॅम घ्यावा. सुया १० नंबरच्या. आरंभी नमुन्याचा एक चौकोन दोन्ही रंगांत विणून तो पांढऱ्या फडक्याबरोबर धुवावा. फडक्याला रंग लागला तर तो दोरा बाजूला ठेवावा. याच चौकोनावर दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. चोवीस आले तर वीण योग्य. कमी आले तर हात सैल आहे असे समजून एक आकडा बारीक सुई घ्यावी.

८४ टाके घालावेत. रुंदी सुमारे पस्तीस सेंटिमीटर होईल. पहिल्या आठ ओळी दुसऱ्या रंगात, सर्व सुलट. ही पिशवीच्या तोंडाची पट्टी. तिच्यामुळे काठ वळत नाही. पुढे एक ओळ सुलट, एक ओळ उलट, अशा आठ-आठ ओळींचे पट्टे आळीपाळीने, पहिल्या रंगापासून सुरुवात करून, एकूण २९ विणावेत. शेवटी पुन्हा दुसऱ्या रंगात आठ ओळी सुलट विणून टाके मिटवावेत. पट्ट्यांची संख्या विषम ठेवण्यात हेतू आहे. हा लांब तुकडा मधोमध, म्हणजे पंधराव्या पट्ट्यात, दुमडला की दोन्ही अंगांचे पट्टे शिवणीवर अचूक जुळतात. आणि सर्वांत अधिक भार ज्या तळावर पडतो, तेथे शिवणच राहत नाही.

रंग बदलताना दोरा कापू नये. ओळींची संख्या सम असल्याने दोन्ही दोरे एकाच काठाला राहतात. दर दोन ओळींनी त्यांना एकमेकांभोवती एकदा फिरवून वर न्यावे. नवा रंग नेहमी सुलट ओळीने सुरू करावा, म्हणजे दर्शनी बाजूस जुन्या रंगाचे ठिपके उमटत नाहीत.

पिशवीची खरी परीक्षा बंदांपाशी होते. बंद अरुंद विणून लांब वाढवीत नेला तर भाराने तो गुडघ्यापर्यंत लोंबतो. म्हणून बंदाच्या लांबीएवढे, म्हणजे १२० टाके एकदम घालून दहा ओळी सर्व सुलट विणाव्यात. असे दोन बंद करावेत व प्रत्येकाच्या मागे सुती नवारीची अरुंद पट्टी शिवावी. भार त्या पट्टीने सोसावा, विणीने नव्हे. आत जुन्या सुती साडीचे किंवा चादरीचे अस्तर लावावे. ते पिशवीपेक्षा किंचित लहान असावे, म्हणजे ओझे अस्तर पेलते. अशी पिशवी दोन-तीन किलो भाजी सुखाने वाहते. ती धुऊन दोरीवर टांगू नये. आडवी पसरून वाळवावी.

आता ज्या कारणासाठी सुटीचा मुहूर्त साधून आम्ही हा विषय निवडला, तिकडे वळतो.

इंदिरानगरातील आपल्या मुलांची स्थिती आपण सर्व जाणता. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर कन्नड व हिंदी. मराठी उरते ती बहुधा घरातील आज्ञांपुरती. ऊठ, जेव, दप्तर भर, झोप. ज्या भाषेत केवळ आज्ञा ऐकू येतात, तिच्यात मूल प्रश्न विचारीत नाही. विणकाम शिकावयाचे तर आज पडद्यावर शेकडो चित्रफिती आहेत, आणि त्या उत्तम आहेत. परंतु त्यांतून मूल ‘निट’ आणि ‘पर्ल’ शिकते. सुलट, उलट, लडी, गुंडा, वीण, टाका गळणे, उसवणे हे शब्द कोशात राहतील खरे. पण ते ज्या बोटांतून चालत आले, तेथे थांबतील.

म्हणून आमची सूचना साधी आहे. एप्रिल-मेच्या सुटीत आजीने, आईने, आणि का नव्हे, आजोबांनी व वडिलांनीही, मुलाला शेजारी बसवून एक पिशवी विणावी. रोज एक पट्टा धरला तर महिन्यात ती पुरी होते. मुलगा की मुलगी हा भेद येथे नको. हाताला घाम येतो त्या दिवसांत लोकर चिकटते, सूत मात्र चिकटत नाही. तेव्हा ऋतूही अनुकूलच आहे. ओळ चुकली तर रागावू नये. विणीचा मोठा गुण हाच की चुकलेले उसवता येते आणि तोच दोरा पुन्हा कामी येतो. शेजारच्या कन्नड घरातील मूल डोकावले तर त्यालाही सुया द्याव्यात. त्याच्या आजीकडून त्यांचे शब्द आपल्या मुलालाही कळतील.

एका पिशवीने भाषा तरते, असा आमचा दावा नाही. तसा दावा करणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होईल. परंतु ‘आजी, टाका गळला, आता काय करू?’ असे एखाद्या नातवाने विचारले, तर त्याने मराठीत एक खरा प्रश्न विचारलेला असतो. त्याचे उत्तर त्याला हवे असते, आणि ते देणारी व्यक्ती त्याच्या शेजारी बसलेली असते. परमुलखात राहणाऱ्या कुटुंबांनी असे प्रसंग मुद्दाम घडवून आणावे लागतात. आपल्या गावी ते आपसूक घडत होते, एवढाच फरक.

पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक घराने आपली पिशवी बरोबर आणावी, अशी विनंती आहे. मात्र ती नवी कोरी, इस्त्री करून आणू नये. चार वेळा बाजार फिरून आलेली, कोथिंबिरीचा वास लागलेली अशीच आणावी.