राखाडी पाखराची ओळख

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो. आज एका पाखराबद्दल बोलायचं आहे. विषय वेगळा वाटेल, पण 2017 साली आमच्या गटातल्या निम्म्या बायांचे हप्ते थकले ते याच पाखरामुळे.

गुलाबी बोंडअळी आपण सगळ्याच ओळखतो. बोंड फोडलं की आत वळवळते ती. पण तिची माय कोण, हे आम्ही परवापर्यंत पाहिलंच नव्हतं. शेतातल्या कामगंध सापळ्याची पिशवी बैठकीत उघडली, पांढऱ्या कागदावर पाखरं ओतली आणि शाळेतून मागून आणलेल्या भिंगातून एकेकीनं पाहिलं. गटातली आजी म्हणाली, "हे व माय? हे त मच्छरासारखं आहे! यानं आपली पऱ्हाटी खाल्ली?"

पाखरू खात नाही, अळी खाते. पण आजीचं म्हणणं बरोबर होतं, पाखरू आहेच एवढंसं. पंख पसरले तर दीड ते दोन सेंटीमीटर. रंग राखाडी-तपकिरी, पुढच्या पंखांवर काळपट ठिपके, मागच्या पंखांना झालरीसारखे बारीक केस. दिवसा ते पानाआड, मातीच्या भेगांत दडून बसतं आणि रात्री उडतं. म्हणून दिवसभर निंदण-वेचणी करणाऱ्या आपल्यालाही ते दिसत नाही.

या पाखराचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1843 साली छापलं गेलं. गुजरातेत भडोचला सरकारी मळ्यात अमेरिकन कापूस लावला होता, त्याची बोंडं किडली. तिथून नमुने लंडनला गेले आणि साँडर्स नावाच्या अभ्यासकानं रंग, आकार, सवयी लिहून त्याला नाव दिलं, गॉसिपिएला. गॉसिपियम म्हणजे कापूस. पुढे 1917 साली बुस्क या अभ्यासकानं त्याला पेक्टिनोफोरा हे कुळनाव दिलं. त्याचा अर्थ फणी बाळगणारी. मिशीच्या बुडाशी ताठ केसांची फणी असते म्हणून. आमच्या भिंगातून काही ती दिसली नाही, पण तेव्हापासून गटात त्याचं नाव 'फणीवाली' पडलं आहे.

वर्णनाचा उपयोग काय? शेतात राखाडी पाखरं ढीगभर असतात. कोणतंही दिसलं की फवारा घेऊन धावायचं, तर पैसा जातो आणि जीवही जातो. 2017 मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. कामगंध सापळ्यातल्या लूरला मादीचा वास असतो, त्यावर याच जातीचे नर येतात. एका सापळ्यात एका रात्रीत आठ पाखरं, असं सलग तीन रात्री झालं, तर उपाय करायची वेळ आली असं समजायचं. मोजायचं काम बायांनी घ्यावं असं आम्हाला वाटतं. गटाचा हिशोब आपण ठेवतोच की.

मादी पात्यांवर, फुलांवर, पुढे बोंडांवर अंडी घालते. तीन-पाच दिवसांत अळी निघते. तेव्हा ती पांढुरकी असते, गुलाबी नंतर होते. फुलात शिरली तर पाकळ्या आतून बांधून टाकते, फूल उमलत नाही. तीच डोमकळी. बोंडात शिरली की छिद्र बुजून जातं, वरून बोंड चांगलं दिसतं. आत ती सरकी खाते आणि कापसाची कवडी होते. कवडी वेचायला वेळ दुप्पट, वजन निम्मं. किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईचं नुकसान कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

बीटी कापूस 2002 साली आला तेव्हा ही अळी मरत होती. पाकिटात बिगर बीटी सरकीची 120 ग्रॅमची वेगळी पुडी यायची, ती बांधाच्या कडेनं लावायची होती. आमच्यापैकी कित्येकींनी ती फेकली किंवा ढोरांना घातली, खोटं कशाला बोला? त्या झाडांवर साधी अळी जगली असती आणि तिच्या पाखरांचा संबंध विष पचवणाऱ्या पाखरांशी आला असता, म्हणजे विष पचवणारी जात एवढ्या लवकर वाढली नसती. अर्थात हे आम्हाला तेव्हा कोणी नीट समजावूनही सांगितलं नव्हतं. अमेरिकेनं मात्र बीटी कापूस, वांझ केलेली पाखरं आणि वेळेवर शेत मोकळं करणं या सगळ्याची जोड देऊन 2018 मध्ये आपल्या कापसातून ही कीड संपल्याचं जाहीर केलं.

आता खरा वादाचा मुद्दा. कृषी विद्यापीठ सांगतं, फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. कारण अळी उरलेल्या बोंडांत आणि सरकीत कित्येक महिने झोपून राहते. पण फरदडीच्या वेचणीवर आमच्या भूमिहीन मैत्रिणींचे जानेवारी-फेब्रुवारी निघतात. आणि पऱ्हाटीची गंजी म्हणजे वर्षाचं सरपण, तीही आपल्याच अंगणात. मागच्या बैठकीत यावरून दोघींची चांगलीच जुंपली. जमीनवाली म्हणे उपटा, मजूर म्हणे मग चूल कशानं पेटवू? दोघीही खऱ्या.

एवढं ठरलं आहे: गंजी रचण्याआधी पऱ्हाटीवरची सुकलेली बोंडं तोडून जाळायची, आणि त्या कामाची मजुरी शेतमालकिणीनं द्यायची. रोज किती द्यायचा, ते अजून ठरलं नाही. रविवारी दुपारी समाजमंदिरात बसणार आहोत. पिशवी आणि भिंग सोबत असेल. ज्यांनी फणीवाली पाहिली नाही, त्यांनीही या.