स्वाधारचे १,६६६ रुपये

आज एकाच आकड्याबद्दल बोलते. महाराष्ट्राबाहेरच्या मित्रांसाठी आधी योजना सांगते. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारने २०१६-१७ मध्ये भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले : भोजन ३२,०००, निर्वाह ८,००० आणि निवास २०,०००. निवासाचे २०,००० बारा महिन्यांत वाटा. हाती येतात १,६६६.

आता दुसरा आकडा. २०१७ साली केंद्राने सातव्या वेतन आयोगानंतर घरभाडे भत्ता ठरवला. पाच लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १,८०० रुपये, मुंबई-पुण्यात किमान ५,४००. पुढे महागाई भत्ता वाढला की या भत्त्याची टक्केवारीही वाढते. मोठ्या शहरात २४ वरून २७, मग ३०. कर्मचाऱ्यांना कमी द्या, असं मी म्हणत नाही. भाडं वाढतं हे सरकारला ठाऊक आहे, एवढंच दाखवतेय. आपल्या योजनेत रक्कम ठरली, ती वाढण्याचं सूत्र ठरलं नाही.

‘फुकट मिळतंय, वर तक्रार?’ असं आपल्यालाही ऐकवलं जातं. पण वसतिगृह देणं सरकारचं काम होतं. ते जमलं नाही म्हणून हे पैसे आहेत. ही त्या न मिळालेल्या खाटेची किंमत आहे, दान नाही.

मी स्वाधारवर शिकले. घरमालकाला अनामत जुलैत हवी होती. हप्ता आला तेव्हा दुसरं सत्र संपत आलं होतं. मधले महिने आईच्या बचत गटाच्या कर्जावर निघाले. परवडणाऱ्या खोल्या मोजक्याच, आणि त्यातल्या काही आडनाव विचारल्यावर ‘कालच गेल्या’. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात दिल्ली परिसरात हेच दिसलं : दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नकार, आणि घर मिळालंच तर जाचक अटी. हातात पैसे कमी असले की नकारानंतर दुसरीकडे जायला जागाच उरत नाही.

म्हणून मागण्या दोनच. निवासाची रक्कम घरभाडे भत्त्यासारखी महागाईला जोडा. आणि पहिला हप्ता प्रवेशाबरोबर द्या, परीक्षेनंतर नको.

आपण घरातले पहिले पदवीधर. अर्ज कसा भरायचा हे धाकट्यांना शिकवतोच. आता तो आकडा कसा ठरतो, हे विचारायलाही शिकवूया.

जय भीम!