मुलांच्या कानावर कोणती भाषा पडते?

(दोंडाईचा येथील पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्या गावात मिरची घेणारा माणूस आधी ती हातात घेतो, देठ मोडून पाहतो, वास घेतो आणि मगच भाव विचारतो. बाजारात इतके चोखंदळ असणारे आपण, आपल्या मुलाच्या मनात रोज काय ओतले जात आहे याची मात्र चौकशी करत नाही. आजचा विषय तोच आहे.

मध्यंतरी एका परिचिताच्या घरी गेलो होतो. पाच वर्षांचा नातू दूरदर्शन संचासमोर बसला होता. आजीने विचारले, "भूक लागनी का रे भाऊ?" पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "रुको ना दादी!" त्या घरात हिंदी कोणीही बोलत नाही. सगळे हसले, आजीही हसली. मला मात्र हसू आले नाही. आजी आणि नातू एकाच खोलीत होते. परंतु त्यांच्यामध्ये एक भाषा येऊन बसली होती.

ती आली कोठून? अमेरिकेत १९९२ साली टेड टर्नर यांच्या कंपनीने केवळ व्यंगचित्रपट दाखवणारी 'कार्टून नेटवर्क' ही वाहिनी सुरू केली. १९९५ साली ती भारतात आली. आरंभी ती इंग्रजीत होती, त्यामुळे तिचा वावर मर्यादित राहिला. हिंदी आवाज चढवले गेले आणि केबलवाल्यांमार्फत ती लहान गावांतही पोहोचली. २००४ साली 'पोगो' आणि 'हंगामा' आल्या. जपानचा डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदीत बोलू लागले. एकच चित्र, केवळ आवाज बदलून, अनेक देशांत विकता येते, हे या व्यवसायाचे मर्म आहे. चित्र काढण्याचा खर्च मोठा, आवाज बदलण्याचा त्यामानाने थोडा.

मग मराठी आवाज का चढवला गेला नाही? येथे आपण अंतर्मुख झाले पाहिजे. सन समूहाने २००७ ते २०११ या काळात तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषांत मुलांसाठी स्वतंत्र वाहिन्या काढल्या. तेथील मुलाला हिंदी कळत नाही, म्हणून त्याची भाषा बोलणे व्यापाऱ्याला भाग होते. आपल्या मुलाला हिंदी कळते, म्हणून मराठीवर खर्च करण्याचे कारण उरले नाही. आपण मागितले नाही आणि त्यांनी दिले नाही. मराठीत मुलांची वाहिनी रामोजी समूहाच्या 'ईटीव्ही बाल भारत'च्या रूपाने आली, ती २०२१ साली. कार्टून नेटवर्क भारतात आल्यानंतर तब्बल सव्वीस वर्षांनी!

हिंदीशी आपले वैर नाही. देशाला जोडणारी ती आपलीच भगिनी आहे. परंतु मावशी कितीही प्रेमळ असली तरी आईची जागा रिकामी ठेवून तिला बोलवायचे नसते.

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. बांगलादेशात मुले डोरेमॉन पाहून हिंदी बोलू लागली, तेव्हा २०१३ साली तेथील सरकारने त्याचे प्रक्षेपण बंद केले. आपल्याकडेही शिनचॅनच्या वात्रटपणाविषयी पालकांच्या तक्रारी झाल्या, २००८ साली त्यावर बंदी आली आणि पुढच्याच वर्षी काटछाट करून तो परतला. बंदीने पडदा काही काळ रिकामा होतो, मुलाची संध्याकाळ मात्र भरत नाही. ती कशाने भरायची, याचे उत्तर घरानेच द्यावे लागते.

आपल्यापाशी सामर्थ्य नाही, असे मुळीच नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याचे रोप उगवताना पडद्यावर दाखवले, पुढे आगपेटीतील काड्या नाचवल्या. हैदराबादच्या राजीव चिलका यांचा 'छोटा भीम' २००८ साली 'पोगो'वर आला आणि परदेशी पात्रांच्या गर्दीत धोतर नेसलेला, लाडू खाणारा मुलगा घराघरांत लाडका झाला. आपले दिले तर मुले आनंदाने घेतात, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आणखी एक उदाहरण आपल्याच रेल्वेमार्गावरचे आहे. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. हाती पैसा नव्हता, यंत्र नव्हते. मुलांनी आपल्या भाषेत काही चांगले वाचावे ही तळमळ मात्र होती. एक शिक्षक मूठभर मुलांसाठी रोज लिहू शकतो, तर आपण आपल्या दोन लेकरांसाठी रोज अर्धा तास बोलू शकत नाही का?

म्हणून माझी तीन मागणी आहेत. पहिली, ज्या वाहिनीवर मराठीचा पर्याय आहे तेथे तो निवडा. नसेल तेथे केबलचालकाकडे आणि वाहिनीकडे मागा. मागणी दिसल्याशिवाय बाजार हलत नाही. दुसरी, मूल काय पाहते ते आठवड्यातून एकदा तरी त्याच्या शेजारी बसून पाहा. तिसरी, रात्री निजताना एक गोष्ट घरच्या बोलीत सांगा. अहिराणीत सांगा. ती गावंढळ आहे, हा संकोच मुलाने शिकवलेला नाही, आपणच मनात धरला आहे.

त्या घरातील आजीला शंभर गोष्टी ठाऊक असतील. त्या ऐकायला नातू यावा, एवढेच आपल्याला करायचे आहे. आज घरी गेल्यावर तिला एक गोष्ट सांगायला लावा, ही विनंती करून माझे दोन शब्द संपवतो.