मोकळी ठेवलेली जागा

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



नारायणगावजवळची खोडदची दुर्बीण आपल्यापैकी काही जणींनी लांबून पाहिली असेल. तेथल्या नोंदी संगणकावर निवडणे हे माझे काम. त्याविषयी चार शब्द बोलावे, असा कार्यवाहबाईंचा आग्रह झाला.

तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ एकमेकींजवळ, बाकीच्या १६ तीन दिशांना लांबवर. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी त्या टिपतात. प्रत्येकीची दुसरीशी जोडी लावली की ४३५ जोड्या होतात आणि दर काही सेकंदांनी प्रत्येक जोडीची नोंद पडते. या ढिगातून आकाशाचे चित्र काढावयाचे. त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेने १९७८ पासून लिहिलेली 'एप्स' ही प्रणाली आपल्याकडेही वापरात आली.

पण आपल्या शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारांवर ठिणगी उडते, हे तिकडे बसून लिहिणाऱ्याने कसे ओळखावे? ती ठिणगीही रेडिओलहरी सोडते आणि आकाशातली क्षीण लहर झाकून टाकते.

एप्सच्या कर्त्यांचे शहाणपण असे की, काही कार्यक्रम त्यांनी मुद्दाम अर्धे ठेवले. नावे काय, तर कँडी, टॅफी आणि फज! (हशा) फज हा नोंदींची फाईल उघडतो, एकेक नोंद आपल्या हाती देतो, शेवटी निराळी फाईल लिहून ठेवतो. मधली जागा मोकळी. तेथे आपले गणित आपण फोर्ट्रान भाषेत लिहावयाचे. आपला सोऱ्या आठवा. सोऱ्या तोच, चकती बदलली की कधी शेव, कधी चकली.

मात्र चकती आपली, तशी जबाबदारीही आपलीच. समजा, 'अमुक तीव्रतेवरची नोंद टाकून द्या' असे आपण लिहिले. ठिणगी गेली. पण काही तारे अचानक भडकतात आणि थोड्या वेळात शांत होतात; तेही त्याच चाळणीत गेले! संगणक कुरकुर करीत नाही. चित्र सुबक येते, आणि एखाद्या मुलीने ज्यासाठी वर्षे घातली तेच त्यात नसते.

म्हणून मुलींना मी आधी टाकलेल्या नोंदी दाखवावयास सांगते. आकाशातली लहर साऱ्या तबकड्यांकडे येते. ठिणगीचा उपद्रव जवळच्यांना अधिक. साऱ्याच जोड्या एका क्षणी टाकल्या गेल्या असतील, तर थांबावयाचे. '३सी ४८' या स्रोताचे तेज ठाऊक आहे, त्याच्या नोंदींवरही तेच गणित चालवून पाहावयाचे. तेज कमी भरले तर चकतीच सदोष. पुन्हा लिहा! मूळ फाईल शाबूत असतेच. ती मी कोणालाही पुसू देत नाही.