घरचा उद्योग : भांडवल स्वभावाचे



पालघर-बोईसर परिसरात उद्योगाचा विषय निघाला की डोळ्यांसमोर तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहते. रसायनांचे आणि औषधांचे कारखाने, त्यांच्या पाळ्या, बोईसर स्थानकावरची गर्दी. परंतु याच वसाहतीपासून जवळ, समुद्राच्या बाजूला, चिंचणी, वरोर, वाढवण या गावांत एक उद्योग घराच्या ओटीवर वाढला आहे. तो म्हणजे डायमेकिंग. सोन्या-चांदीच्या दागिन्यांवर जी वेलबुट्टी उमटते, तिचा ठसा येथील कारागीर पोलादात कोरतात. घरगुती उद्योगाला कोणते गुण लागतात, याचा पाठ शिकायचा तर तो येथेच शिकावा.

पहिला गुण म्हणजे धीर. मऊ अवस्थेतील पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी कोरायची, कानस लावायची, मग तापवून पाणी द्यायचे, म्हणजे ठसा कठीण होतो. एक घाव चुकला तर तो पुसता येत नाही आणि ठशातील दोष त्यातून निघणाऱ्या प्रत्येक दागिन्यावर उतरतो. लोणचे-मसाले करणाऱ्या गृहिणीलाही हाच नियम लागू आहे. पहिली बरणी उत्तम आणि दहावी सुमार, असे झाले की गिऱ्हाईक अकराव्या बरणीला येत नाही.

दुसरा गुण सचोटी. एका सराफाने दिलेला नमुना दुसऱ्याच्या दुकानात दिसता कामा नये. घरगुती उद्योजकाकडे ना मोठे कार्यालय, ना जाहिरातीचा खर्च. त्याचा शब्द हीच त्याची पाटी. सांगितलेल्या दिवशी माल पोहोचवणे, शक्य नसेल तर आधीच तसे कळवणे, हा व्यवहाराचा भाग आहे तितकाच चारित्र्याचाही.

तिसरा गुण स्वयंशिस्त. कारखान्यात भोंगा वाजतो, घरात तो वाजत नाही. पाहुणे, लग्नकार्ये, दूरदर्शनवरील मालिका, दुपारची झोप यांतून कामाचे तास राखावे लागतात. तशीच शिस्त पैशाची. घरखर्चाचा डबा आणि धंद्याची पेटी वेगळी हवी. मुलांच्या शुल्कासाठी कच्च्या मालाचे पैसे वापरले की महिनाअखेरीस धंदा नफ्यात आहे की तोट्यात, हे घरातील कोणालाच सांगता येत नाही.

आता एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. घरच्या उद्योगात घरातील सर्वांचे हात लागतात, पण हिशोबात बहुधा एकाचेच नाव असते. माल बांधणारी, उधारी लक्षात ठेवणारी, कारागिरांना चहापाणी पाहणारी गृहिणी ‘मदत करते’ एवढेच म्हटले जाते. तिच्या श्रमाला मोल नसेल तर त्या उद्योगाचा नफा खरा नव्हे. या बाबतीत ‘लिज्जत’चे उदाहरण मननीय आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात ७ महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. भिजवलेले पीठ तोलून घरी न्यायचे, लाटलेले पापड परत आणायचे, तपासणी झाली की वणाईचा मोबदला घ्यायचा, ही पद्धत तेथे रुजली. लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक ठरली. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पापड घरात लाटला गेला, तरी त्याचा हिशोब चोख राहिला, हे त्या यशाचे मर्म होय.

शेवटचा आणि आज सर्वांत निकडीचा गुण म्हणजे नवे शिकण्याची तयारी. संगणकावर आरेखन करून यंत्राने ठसा कोरता येतो. अशा वेळी हातातील कसब जपायचे आणि यंत्रही आत्मसात करायचे, असा दुहेरी अभ्यास तरुण पिढीला करावा लागणार आहे. त्यातच वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मच्छीमार आणि बागायतदार यांच्याबरोबर डायमेकरांनीही या प्रकल्पाविषयी चिंता व्यक्त केली आहे. ती समजून घेतली पाहिजे. कारखाना उचलून दुसरीकडे नेता येतो. ओटीवरचा उद्योग मात्र घर, शेजार आणि गाव यांच्या आधाराने उभा असतो. बापाच्या शेजारी बसून मुलगा जे शिकतो, त्याची नुकसानभरपाई कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

म्हणून घरी उद्योग सुरू करू इच्छिणाऱ्या कुटुंबाने यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी एकत्र बसून चार प्रश्न विचारावेत. कामाचे तास कोणते? हिशोब कोण लिहिणार? कोणाच्या श्रमाला किती मोबदला? वर्षभरात नवे काय शिकणार? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे ज्या घरात मिळतील, त्या घराला भांडवल उभे करणे जड जाणार नाही.