सुरू झालेलं यंत्र आणि दुरुस्त झालेलं यंत्र



रेडिओ केंद्राकडे माझ्या नावाने जी पत्रं येतात, त्यांत प्रश्न बहुतेक एकच असतो. हस्ताक्षर तेवढं बदलतं. ‘मुलाचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला आहे. घरबसल्या कोर्स करून त्याला हॉस्पिटलच्या मशिनरीचा इंजिनिअर होता येईल का?’ काहीजण सोबत जाहिरातीचं कात्रण जोडतात. सहा महिन्यांत बायोमेडिकल इंजिनिअर, नोकरीची हमी. एका काकांनी तर फी भरल्याची पावतीच पाठवली आणि खाली लिहिलं, ‘बाई, आता सांगा, बरोबर केलं ना?’ काका, पावती फाडण्याआधी विचारायचं असतं हो!

उत्तर आधी सांगून टाकते. या कामाचं अर्धं शिक्षण घरी बसून उत्तम होतं. राहिलेलं अर्धं घरी कधीच होत नाही, आणि पेशंटचा जीव त्या राहिलेल्या अर्ध्यात असतो.

पदवीचा प्रश्न आधी निकालात काढू. अभियांत्रिकीची पदवी आपल्याकडे दूरस्थ पद्धतीने देता येत नाही. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना पत्रद्वारा अशा पदव्या वाटल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षा देण्याची संधी मिळाली, त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्द झाल्या. त्यातली कित्येक माणसं तोवर नोकरीत रुळलेली होती. तेव्हा कुणी घरपोच बी. ई. देतो म्हणाला तर त्याला नमस्कार करा आणि दार लावून घ्या. पदवी किंवा पदविका कॉलेजात जाऊनच घ्यायची.

मग घरी काय शिकायचं? पुष्कळ. आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएस्सी मिळून चालवतात त्या एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर बायोमेडिकल इन्स्ट्रुमेंटेशनची व्याख्यानं फुकट आहेत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते, आणि तेच योग्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीवर पुस्तिकांची मालिका काढली आहे, तीही फुकट उतरवून घेता येते. ईसीजीचा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असतो, त्यात पन्नास हर्ट्झचा गोंगाट का शिरतो, डिफरन्शियल ॲम्प्लिफायर तो कसा गाळतो, हे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून समजतं. नोकरीत असलेल्यांना तर दूरशिक्षण हे वरदान आहे. २०२० साली विमानं बंद होती तेव्हा कित्येक व्हेंटिलेटर व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शन घेऊनच बसवले गेले. पण कॉलच्या या टोकाला जो माणूस होता, त्याच्या हाताला आधीपासून सवय होती. ते कुणी लक्षात घेत नाही.

आता मला जे खरं सांगायचं आहे तिकडे येते. यंत्र सुरू झालं म्हणजे दुरुस्त झालं, असं नसतं. पुन्हा सांगते, लिहून घ्या. सुरू झालेलं यंत्र आणि दुरुस्त झालेलं यंत्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

व्हिडिओ बघून शिकलेल्या मुलाला यंत्र सुरू करता येतं. फ्यूज बदलतो, फुगलेला कपॅसिटर काढतो, नवा बसवतो, दिवा लागतो, आणि व्हिडिओ तिथेच संपतो. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या आमच्यासारख्यांचं काम तिथे सुरू होतं.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं उदाहरण घ्या. करोनात गावोगाव घेतले गेले, नंतर खोलीच्या कोपऱ्यात पडून राहिले. त्याच्या पोटात झिओलाइट नावाच्या खड्यांनी भरलेल्या दोन नळकांड्या असतात. कॉम्प्रेसर हवा दाबून आत सोडतो, खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. या खड्यांना ओल सोसत नाही. यंत्र दोन पावसाळे बंद पडून राहिलं की खडे निकामी होऊ लागतात. आता हा आमचा व्हिडिओवीर येतो. फिल्टर झटकतो, कॉम्प्रेसरची वायर जोडतो, बटण दाबतो. यंत्र घरघरतं. नळीतून वारा येतो. फ्लोमीटरमधली गोळी पाच लिटरवर जाते. घरातले चहा करतात. पण त्या वाऱ्यात ऑक्सिजन किती? चांगल्या यंत्रातून नव्वद टक्क्यांच्या वर मिळतो, आणि ८२ टक्क्यांच्या खाली तो जाता कामा नये. साध्या हवेतच तो २१ टक्के असतो. मधला आकडा किती आहे ते गोळीला कळत नाही, कानाला कळत नाही, नाकाला कळत नाही. ऑक्सिजन ॲनालायझर लावल्याशिवाय ते कळायला दुसरी वाट नाही. आणि तो ॲनालायझरही आधी साध्या हवेवर आणि शुद्ध ऑक्सिजनवर तपासून घ्यावा लागतो. इकडे आजोबांचं सॅच्युरेशन उतरत जातं, आणि घरचे म्हणतात, आजार बळावला.

बंद यंत्र निदान बंद आहे हे दिसतं. सिस्टर दुसरं आणते, डॉक्टर पेशंटला पुढे पाठवतात. चालू असून खोटं सांगणाऱ्या यंत्रावर मात्र सगळे विश्वास ठेवतात.

सिरिंज पंप पाहा. पडद्यावर ताशी पाच मिलिलिटर दिसतंय, दांडा सरकतोय, सगळं छान. पण पंपात एका कंपनीची सिरिंज निवडली आहे आणि बसवली आहे दुसऱ्या कंपनीची. दोन्ही पन्नास मिलिलिटरच्या, पण आतला व्यास वेगळा. म्हणजे रक्तदाब सांभाळणारं औषध कमी किंवा जास्त जाणार. हे तपासायला लाखाचा ॲनालायझर नसेल तर चांगला वजनकाटा आणि घड्याळ घ्या. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. तासभर चालवा आणि तोला. तासभर थांबायचा कंटाळा येत असेल तर या धंद्यात येऊ नका.

हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरचंही तेच. चार्ज झाला, ठक् असा आवाज आला, झालं? ३६० ज्यूलवर लावलेल्या यंत्रातून प्रत्यक्षात किती बाहेर पडले, ते पन्नास ओहमच्या लोडवर मोजावं लागतं. आणि त्या कपॅसिटरवर हजारो व्होल्ट असतात. प्लग काढल्यावरही ते राहू शकतात. तो घरी टेबलावर उघडायचा नाही. नाही म्हणजे नाही.

लीकेज करंट, म्हणजे यंत्रातून पेशंटपर्यंत झिरपणारी वीज, तर डोळ्यांना दिसतच नाही. हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या भागासाठी नेहमीच्या स्थितीत मर्यादा १० मायक्रोॲम्पिअरची आहे. तुमच्या साध्या मल्टिमीटरला त्याचा पत्ताही लागणार नाही. त्यासाठी सेफ्टी ॲनालायझर लागतो.

हे माझ्या कागदावर नाही, पण राहवत नाही म्हणून बोलते. थ्री-पिन प्लगची तिसरी पिन मोडून तो टू-पिनच्या सॉकेटात खुपसणारी माणसं मी नोकरीभर पाहिली. वर म्हणतात, ‘मॅडम, चालतंय की!’ अहो, चालणारच! अर्थिंग यंत्र चालवायला नसतंच मुळी, माणूस वाचवायला असतं. अलार्मचा त्रास होतो म्हणून बझरची वायर काढून ठेवलेली पाहिली आहे. अशा माणसाच्या हातात कुठल्या संस्थेचं सर्टिफिकेट आहे, याच्याशी मला काडीचं देणंघेणं नाही.

असो. केंद्रावरचे साहेब घड्याळ दाखवताहेत.

किराणा दुकानात तुम्ही काटा हलतो म्हणून त्यावर विश्वास ठेवत नाही, वैधमापनवाल्यांचा शिक्का पाहता. पाव किलो साखरेला जी तपासणी लागते, ती आयसीयूतल्या यंत्राला नको?

केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने २०१५च्या सुमारास सरकारी रुग्णालयांतल्या यंत्रांची मोजदाद केली. २९ हजारांवर संस्था, साडेसात लाखांवर यंत्रं. त्यांतली १३ ते ३४ टक्के, राज्याराज्यानुसार, बंद होती. त्यातून देखभालीची योजना आली. जिल्हा रुग्णालयात यंत्रं ९५ टक्के वेळ चालू पाहिजेत, ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर ९०, प्राथमिक आरोग्य केंद्रात ८०. चांगलं पाऊल होतं, हाताला कामही पुष्कळ मिळालं. पण फोन येतो तो ‘लवकर चालू करून द्या’ असाच. ‘मोजून द्या’ असं कुणी म्हणत नाही. ते आपल्यालाच आपल्याशी म्हणावं लागतं, रात्री साडेअकराला, शेवटची एसटी चुकवून. ही सवय पडद्यावरून लागत नाही. बाजूला उभा असलेला वरिष्ठ ‘आकडा दाखव’ म्हणतो, तेव्हा ती लागते.

म्हणून घरी अभ्यास करा, पण हात रुग्णालयाच्या वर्कशॉपमध्येच तयार करा. डिप्लोमा किंवा पदवी झालेल्यांसाठी शिकाऊ उमेदवारीची सरकारी योजना आहे, वर्षभर विद्यावेतन मिळतं. त्या वर्षात नवी यंत्रं बघण्यापेक्षा जुनी उघडा. वॉर्डातल्या सिस्टरांशी बोला. मॉनिटर ‘मधूनच वेड्यासारखं करतो’ म्हणजे नेमकं केव्हा, एसी सुरू झाल्यावर की पेशंट कुशीवर वळल्यावर, हे त्यांच्याइतकं कुणी सांगत नाही. मला धंदा शिकवला तो निम्मा त्यांनीच. प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवा. दुरुस्तीआधीचं रीडिंग, नंतरचं रीडिंग, तारीख, सही. नंतरचा रकाना रिकामा असेल तर यंत्र वॉर्डात पाठवायचं नाही. सिस्टर रागावल्या तरी नाही.

बाकीचं भराभर सांगते. एक्स-रेच्या यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू आहेत, परवानगीशिवाय हात लावू नका. एमआरआयचं चुंबक वीज बंद केली तरी चालूच असतं. २०१८च्या जानेवारीत मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेल्या तरुणाचा जीव गेला आहे. सर्व्हिस मॅन्युअल इंग्रजीत असतं, तेवढं इंग्रजी शिका, फर्डं बोलता नाही आलं तरी चालेल. पगार सुरुवातीला बेताचा असतो. मुलींना हे काम जमतं का, असं विचारणाऱ्यांनी आत्ता कोण बोलतंय ते ऐकावं.

आणि ज्यांना फी भरायचीच आहे त्यांनी संस्थेला आधी फोन करावा. प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, किती आठवडे, आणि तिथे ॲनालायझर कोणकोणते आहेत, एवढं विचारा. ‘सगळं ऑनलाइन आहे, व्हिडिओ आयुष्यभर बघता येतील’ असं उत्तर आलं तर पैसे भरू नका. पत्रं मला जरूर पाठवा, पण त्याआधी एकदा आपल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन यंत्रांची देखभाल कोण बघतं ते विचारून या, आणि त्यांचं काम दिवसभर उभं राहून पाहा. मग लिहा.