दगडाशी बोलणारी विद्या

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



प्रारंभीच एक कबुली देतो. मी कला शाखेचा पदवीधर. आयुष्य वृत्तपत्रात गेले. भूविज्ञानावर बोलण्याचा माझा शास्त्रीय अधिकार काहीही नाही. तरीही संयोजकांचे निमंत्रण मी स्वीकारले, त्याला एक कारण घडले. दोन महिन्यांपूर्वी आमच्या परिचयातील एक गृहस्थ घरी आले. बँकेत नोकरी, सुसंस्कृत कुटुंब. त्यांची कन्या भूविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाली आणि आता उपयोजित भूविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे म्हणते. गृहस्थ चिंतेत होते. म्हणाले, ‘‘अहो, मुलीने हातोडी घेऊन डोंगरात हिंडायचे का? आणि शेवटी दगडच फोडायचे, तर एवढे शिकायचे कशाला? तुम्हीच समजवा तिला.’’ मी त्या दिवशी त्यांना उत्तर दिले नाही, विचार करून सांगतो म्हणालो. आज येथे जे बोलणार आहे, ते मूलतः त्या पित्याला द्यावयाचे उत्तर आहे.

या विद्येची माझी पहिली ओळख झाली ती फार दुःखद प्रसंगी. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात धरणी हादरली. मी तेव्हा नवखा वार्ताहर होतो, दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचलो. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी तिकडची घरे. त्या भिंतींनी आणि माळवदांनीच माणसे गाडली. हजारो जीव गेले. आम्ही वार्ताहर आक्रोश टिपत हिंडत होतो. तेथे एका शेतात एक गृहस्थ गुडघे टेकून, जमिनीला पडलेल्या भेगेची दिशा होकायंत्राने मोजत बसलेले मला दिसले. मला तेव्हा रागच आला. माणसे मेलेली असताना हा भेग काय मोजतो? मी तसे बोलूनही गेलो. ते शांतपणे म्हणाले, ‘‘आता गेलेल्यांसाठी मी काही करू शकत नाही. पुढच्यांसाठी मोजतो आहे.’’

त्या वाक्याचा अर्थ मला कळायला काही वर्षे लागली. भूकंपाच्या दृष्टीने लातूरचा तो प्रदेश तोवर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात गणला जात असे. किल्लारीनंतर अभ्यास झाला, देशाच्या नकाशाचा फेरविचार झाला आणि २००२ साली पहिले क्षेत्रच नकाशावरून काढून टाकण्यात आले. लातूरचा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. घर बांधताना किती धक्का गृहीत धरावा, याचा हिशेब त्या क्षेत्रावर ठरतो. त्या हिशेबाच्या मुळाशी शेतात गुडघे टेकून घेतलेली अशी मोजमापे असतात.

शुद्ध भूविज्ञान पृथ्वीचा इतिहास वाचते. उपयोजित भूविज्ञान त्या इतिहासाचा माणसाच्या उपयोगासाठी अर्थ लावते. पाणी कोठे मिळेल, धरण कोठे बांधावे, बोगदा कोठून न्यावा, खनिज कोठे आहे, कोणता उतार खाली येईल, ही त्याची क्षेत्रे. आपल्या देशाच्या औद्योगिक इतिहासात या विद्येचे एक तेजस्वी पान आहे. प्रमथनाथ बोस हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात वरिष्ठ श्रेणीच्या पदावर नेमले गेलेले पहिले भारतीय. १८५१ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत, ब्रिटिश अमदानीत, त्यांना डावलून कनिष्ठ इंग्रज अधिकाऱ्याला प्रमुख नेमले गेले, तेव्हा त्या स्वाभिमानी माणसाने १९०३ साली नोकरी सोडली. पुढे मयूरभंज संस्थानात काम करताना गोरुमहिसानी येथील लोहखनिजाचा शोध त्यांनी लावला आणि १९०४ साली जमशेदजी टाटांना पत्र लिहून कळविले. १९०७ साली स्थापन झालेल्या टाटांच्या पोलाद कंपनीच्या पायाशी हे पत्र आहे. अपमान गिळून बसण्याऐवजी विद्या स्वदेशाच्या कामी लावणारा हा पुरुष आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात ठळकपणे असावयास हवा.

पण एवढी मोठी उदाहरणे कशाला? माझ्याच घरातले सांगतो. गावी थोरल्या बंधूंनी शेतात बोअर घ्यायचे ठरविले. पाणाड्या आला, तळहातावर नारळ ठेवून शेतभर फिरला, नारळ उभा राहिला तेथे खूण केली. तीन बोअर घेतले, तिन्ही कोरडे. सोसायटीचे कर्ज मात्र डोक्यावर ओले राहिले. शेवटी ओळखीच्या एका भूजलतज्ज्ञाला नेले. त्याने प्रथम शेत पाहिलेच नाही. आजूबाजूच्या विहिरींत डोकावला, ओढ्याच्या काठाने तास-दीड तास चालला आणि मग जमिनीत विद्युतप्रवाह सोडून खालच्या थरांचा विरोध मोजला. ‘‘काका,’’ तो बंधूंना म्हणाला, ‘‘तुमच्या शेताला तिरपी छेदून काळ्या दगडाची एक उभी भिंत जमिनीखाली गेली आहे. वरून झिरपणारे पाणी तिच्या पलीकडे अडते. तुम्ही तिन्ही वेळा अलीकडे खोदलेत.’’ शास्त्रज्ञ या भिंतीला डाइक म्हणतात. चौथे बोअर भिंतीच्या पलीकडे, बांधालगत घेतले आणि पाणी लागले. नदी नव्हे, पण दोन एकर भिजण्याइतके लागले.

महाराष्ट्राचा फार मोठा भाग लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनला आहे. त्यातला घट्ट काळा पाषाण पाणी धरत नाही. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पोकळ्यांचा खडक, तडा गेलेला भाग, दोन थरांमधला झिजलेला पट्टा, यांतच पाणी साठते. म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी आहे म्हणून आपल्याला लागेलच असे नाही. आपल्या पूर्वजांनी या विषयाचा विचार केला नव्हता असे मुळीच नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा अध्यायच भूजलावर आहे. मनुष्यदेहातील शिरांप्रमाणे भूमीतही जलशिरा असतात, असे तो म्हणतो आणि वृक्ष, वारुळे, मातीचा रंग अशा खुणा नोंदवितो. तो निरीक्षणाचा मार्ग होता. नारळ फिरविणारा पाणाड्या त्या परंपरेचा वारसदार नव्हे. खडकाचा थर न् थर तपासणारा आजचा भूजलतज्ज्ञ हाच वराहमिहिराचा खरा वारसदार होय.

आता अधिक गंभीर विषयाकडे वळतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. ही वार्ता जगाला प्रथम कळली ती एका एसटी चालकामुळे. रोजच्या वाटेवर त्याला गावच दिसेना. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. पावसाचे पाणी उतारावरच्या झिजलेल्या मातीत मुरते, मातीच्या कणांमधील दाब वाढतो, कणांची पकड सुटते आणि खालच्या कठीण खडकावरून सगळा थर घसरतो. अनेकदा आधी खुणा दिसतात: माथ्यावर भेगा पडतात, झाडे व खांब कलतात, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते. पण खुणा वाचणारा माणूस तेथे हवा ना! इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती.

देशभरातील दरडप्रवण प्रदेशाचे नकाशे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने केले आहेत, हे मोठे काम आहे. पण ते पन्नास हजारास एक या प्रमाणात आहेत. त्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. पाच-पन्नास घरांची वाडी त्यावर एक ठिपका होते. वाडीच्या डोक्यावरचा नेमका कोणता उतार धोक्याचा, हे सांगण्यासाठी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तो उतार चढून पाहणारी प्रशिक्षित माणसे लागतात. सह्याद्रीच्या कुशीत अशा वाड्या किती आहेत, हे तुम्ही जाणता. मग ही माणसे येणार कोठून? ती तुमच्या-आमच्या घरांतूनच यावी लागतील.

स्थापत्य अभियंता उत्तम असला तरी पायाखालचा खडक ओळखणारा सोबत हवा, याचे भयंकर उदाहरण इटलीत घडले. व्हायोंट येथे २६२ मीटर उंचीचे धरण बांधले. ९ ऑक्टोबर १९६३ रोजी शेजारच्या डोंगराची कडा जलाशयात कोसळली. पाण्याची लाट धरणावरून पलीकडे गेली आणि सुमारे दोन हजार माणसे बुडाली. धरण मात्र आजही उभे आहे! बांधकामात चूक नव्हती; चुनखडकात दडलेल्या चिकणमातीच्या थरांचा धोका ओळखण्यात चूक झाली.

हे शिक्षण असते कसे? बी.एस्सी.नंतर दोन वर्षांचा एम.एस्सी.चा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी आहे. मुंबई व रुरकी येथील आयआयटी, १९२६ पासून चालत आलेली धनबादची खनिकर्म संस्था, सागरचे विद्यापीठ येथील उपयोजित भूविज्ञानाची परंपरा मोठी आहे. आयआयटींचे प्रवेश ‘जॅम’ या परीक्षेतून होतात. आपल्याकडे नागपूर, नांदेड आणि शेजारी गोव्याच्या विद्यापीठातही हा विषय शिकविला जातो. वर्गात खडकाचा काप घासून ०.०३ मिलिमीटर इतका पातळ करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दगडातून प्रकाश आरपार जातो. विवरातून काढलेल्या खडकाच्या कांड्या मांडून, दहा सेंटिमीटर वा त्याहून लांब अखंड तुकडे किती भरतात, यावरून खडकाची प्रत ठरवितात. उपग्रहचित्रे आणि संगणकावरील नकाशे आता सर्वांनाच शिकावे लागतात.

पण या शिक्षणाचा प्राण म्हणजे क्षेत्रकार्य. होकायंत्र, हातोडी, भिंग आणि नोंदवही घेऊन आठवडे न् आठवडे उन्हात चालायचे, थरांची नती व नतिलंब मोजायचे, रात्री तंबूत कंदिलाखाली नकाशा पुरा करायचा. जो विद्यार्थी हे टाळतो तो पदवी मिळवतो, विद्या मिळवत नाही. संघ लोक सेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भूवैज्ञानिक सर्वेक्षणात व केंद्रीय भूजल मंडळात प्रवेश मिळतो. सर्वेक्षणात निवड झालेल्या पदव्युत्तरांनाही लगेच खुर्ची मिळत नाही. हैदराबादच्या प्रशिक्षण संस्थेत आणि चित्रदुर्ग, झावर यांसारख्या क्षेत्रीय केंद्रांवर त्यांना पुन्हा शिकावे लागते. मला हे फार मोलाचे वाटते.

पालकांपासून अडचणी लपवणार नाही. सरकारी जागा मोजक्या, स्पर्धा मोठी. खासगी क्षेत्रात खाण, तेल, बोगदे, धरणे, भूजल अशी कामे आहेत, पण खनिजाच्या बाजारभावाबरोबर नोकऱ्या वाढतात आणि घटतात. बदल्या दूरच्या. अनेक ठिकाणी महिलांसाठी साध्या सोयी नाहीत, आणि हा दोष मुलींचा नाही, व्यवस्थेचा आहे. तो दूर करण्याची मागणी पालकांनी करावी. मुलीला घरी बसविणे हा त्यावर उपाय नव्हे.

आणखी एक गुण या विद्येत मला दिसला, तो म्हणजे शब्दांचा संयम. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतील रियासी येथे ५९ लाख टन लिथियमचा साठा असल्याची घोषणा झाली. आम्ही पत्रकारांनी मोठमोठे मथळे दिले, देश श्रीमंत झालाच असे लिहिले. भूवैज्ञानिक मात्र एक शब्द पुनःपुन्हा सांगत होते: ‘अनुमानित’. अनुमानित, निर्देशित आणि सिद्ध या तीन पायऱ्यांमध्ये वर्षांचे काम असते. पुढे लिलावाला पुरेसे बोलीदार आले नाहीत आणि २०२४ मध्ये तो रद्द करावा लागला. मथळ्यात तो एक शब्द घालायला आम्हाला जागा मिळाली नव्हती! देशावर प्रेम असणे चांगलेच, पण जेवढे मोजले तेवढेच बोलणे हीही देशसेवाच आहे. हे मला या लोकांनी शिकविले.

तर त्या पित्याला मी काय सांगणार? एवढेच सांगेन, की एक दिवस कन्येबरोबर डोंगरावर जा. तुम्ही जेथे नुसता दगड पाहता तेथे ती काय वाचते, ते ऐका. ज्या उतारावर उभे आहात, त्याच्या पायथ्याशी एखादी वाडी असेल, घरांतून धूर निघत असेल. मग स्वतःलाच विचारा, की या वाडीवरचा उतार वाचायला कोणी शिकावे की नाही? कोणी तरी शिकावे, असे उत्तर आले, तर ते ‘कोणी तरी’ आपल्या घरातले का नसावे?

किल्लारीच्या शेतात मला न कळलेले वाक्य मी आज तुमच्या स्वाधीन करतो. पुढच्यांसाठी मोजणारी माणसे हवी आहेत. ती आपल्या घरांतून घडोत.